आठ वर्षांचा क्लब

पीएमपीच्या बसमध्ये चढून ‘एक डेक्कन’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात क्रीडासंस्था नसते. त्याला लकडी पुलाजवळचा थांबा हवा असतो. तिथून पुढे लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता नाहीतर फर्ग्युसन कॉलेज गाठायचं असतं. तरी तो नाव घेतो ते एका क्लबचंच. १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला तेव्हा मुठेच्या या काठाला शहर नीटसं पोचलेलं नव्हतं. आधी मैदान आलं, मागून बंगले आले, दुकानं आली आणि सगळ्या वस्तीनं मैदानाचंच आडनाव लावलं. याच जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी गावाकडची पोरं पाहिली, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू जाण्याची सुरुवात तिथून झाली. शंभराहून जास्त वर्षं उलटली. कार्यकारिणी बदलल्या, पिढ्या बदलल्या, जिमखाना आहे.

मला हे सगळं आठवतं ते दुसऱ्याच एका क्लबमुळे. त्याच्या नावाचा थांबा कुठे नाही. तो उणीपुरी आठ वर्षं जगला, देशात दुसरा आला, आशियाच्या स्पर्धेत खेळून आला आणि एका उन्हाळ्यात संपला. त्याचं नाव पुणे फुटबॉल क्लब. आज विशीतल्या पुणेकराला विचारलं तर तो बहुधा त्यापुढच्या, जाहिरातींतल्या एफसी पुणे सिटीचं नाव सांगेल. दोन नावं इतकी सारखी आहेत की एकाच्या आठवणीवर दुसऱ्याची आठवण चढते. म्हणून आधी सरळ हकिगत सांगतो.

२००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. त्याच वर्षी जुन्या राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग सुरू झाली होती. नव्या क्लबला दारातून सरळ आत घेतलं नाही. त्याने दुसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २००९ मध्ये खेळून वरची जागा मिळवली. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण पुण्यात नंतर आलेल्या संघांपैकी एकालाही पहिल्या श्रेणीत येण्यासाठी अशी पात्रता मैदानावर सिद्ध करावी लागली नाही. वर आल्यावर पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये, पुणे एफसी तिसरा आला. पुढे फक्त धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स, म्हणजे जिथे फुटबॉल गावागावात रुजलेला आहे त्या गोव्याचे दोन क्लब. मागे राहिले त्यांत कोलकात्याची शतकभर जुनी नावं होती.

संघ बहुतेक बाहेरचाच होता, आणि त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. पुणं असंच शहर आहे. इथे येऊन राहणाऱ्यांनीच ते वाढवलं. गोलरक्षक सुब्रत पाल बंगालचा. २०११ च्या जानेवारीत दोह्यातल्या आशियाई चषकात साऱ्या आशियानं ज्याच्या झेपा पाहिल्या तो हाच, आणि तेव्हा तो पुण्याचा खेळाडू होता. जेजे लालपेखलुआ मिझोरमचा, अनस एडथोडिका मलप्पुरमचा. जेम्स मोगा तर वर्षा-दोन वर्षांपूर्वीच जन्मलेल्या दक्षिण सुदान नावाच्या देशाचा. आणि अराता इझुमी. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. २००९ पासून तो पुण्यात खेळत होता. भारताकडून खेळता यावं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. पासपोर्ट बदलण्याचा निर्णय माणूस सहज घेत नाही. तो घेताना त्याच्या पायाखाली जी जमीन होती ती बालेवाडीच्या घरच्या मैदानाची होती, आणि ही गोष्ट मला अजून हलवते.

२०१२-१३ च्या मोसमात, डेरिक परेरा यांच्या हाताखाली, पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. विजेता चर्चिल ब्रदर्स. त्या जोरावर २०१४ मध्ये एएफसी चषक खेळायला मिळाला आणि हाँगकाँगचा किची, सिंगापूरचा टॅम्पिनीस रोव्हर्स, म्यानमारचा नेप्यिडॉ हे संघ पुण्याच्या वाट्याला आले. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात साळगावकरने पुण्याला एका गोलने हरवलं. ड्युरँड ही १८८८ ची स्पर्धा, आशियातली सर्वांत जुनी. सात वर्षांचं पोर तिच्या अंतिम सामन्यात उभं होतं.

चाहते संघाला ‘रेड लिझर्ड्स’ म्हणत. पुण्याच्या माणसाला हे नाव ऐकून सिंहगडाच्या कड्याला चिकटलेली यशवंती घोरपड आठवणारच. ती गोष्ट दंतकथा आहे असं इतिहासकार सांगतात आणि ते मला मान्य आहे. पण एका नव्या, इंग्रजी नावाच्या क्लबला या शहराच्या जुन्या गोष्टीत पाय रोवायला तेवढी एक खाच पुरेशी होती. रोवला जाण्याआधीच दोर कापला गेला.

मी त्या वर्षांत बालेवाडीला जायचो. श्री शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभी राहिली. मुख्य स्टेडियम मूळचं धावपटूंचं. मैदानाभोवती आठ पदरी ट्रॅक, त्यापलीकडे प्रेक्षक. त्यामुळे खेळाडूची हाक, बुटाचा चेंडूवर बसणारा आवाज, पंचाशी घातलेली हुज्जत, फुटबॉलमध्ये जे कानाने पाहायचं असतं ते सगळं त्या ट्रॅकच्या रुंदीत हरवून जायचं. बाहेर हायवेवरचे ट्रक मात्र स्पष्ट ऐकू यायचे. आठवड्याच्या मधल्या दिवशी सामना असला की कोथरूड-डेक्कनहून तिथे पोचेपर्यंत पूर्वार्ध अर्धा झालेला असे. गॅलरीत तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसत. ईशान्येकडून शिकायला आलेले विद्यार्थी, केरळी कुटुंबं, कॅम्पातले म्हातारे गृहस्थ, शाळेच्या गणवेशातली मुलं, ढोल घेऊन उभे राहणारे मूठभर पोरगे. एकमेकांची नावं माहीत नसत, पण गोल झाला की कोणाच्या खांद्यावर हात टाकायचा हे ठरलेलं असे. चार-पाच मोसम असं चाललं. रीत पडायला तेवढे मोसम लागतात, आणि ती पडू लागली होती.

मग २०१५. क्लबने खेळाडू मोकळे केले आणि पुढच्या आय-लीगमधून अंग काढून घेतलं. दिवाळं निघालं नव्हतं, संघ खालच्या श्रेणीत घसरला नव्हता, कोणता घोटाळाही नव्हता. मालकांना पुढचं चित्र दिसत नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष मी एकतर्फी काढणार नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. त्यातून २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग आली. सिनेनट, क्रिकेटपटू, युरोपातले निवृत्तीला आलेले तारे, रोज टीव्हीवर सामना. जी आय-लीग देशाची पहिली श्रेणी होती ती बघता बघता मागच्या खोलीत गेली. खेळून वर चढलेल्या क्लबना कोणी सांगेना की वर म्हणजे आता कुठे. ज्या शिडीवर आपण चढतोय ती भिंतीला टेकलेलीच नाही असं कळलं, तर शहाणा माणूस उतरेल. त्याच वर्षी शिलाँगचा रॉयल वाहिंगडोही बाहेर पडला, जो नुकताच तिसरा आला होता.

आता एक गोष्ट अशी, जी एकेका क्लबची हकिगत वाचताना दिसत नाही, पुण्याच्या चार क्लबच्या हकिगती एका ओळीत ठेवल्या की दिसते. २०१५ च्या जानेवारीत पुण्याचे तीन संघ देशातल्या मोठ्या लीगांत होते. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि कल्याणी समूहाचा भारत एफसी. सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. भारत एफसी एकच मोसम खेळला, शेवटचा आला आणि बंद झाला. २०१५-१६ ला आय-लीगमध्ये डीएसके शिवाजियन्स आला. दोन मोसम खेळून २०१७ मध्ये तोही थांबला. एफसी पुणे सिटीने डेव्हिड ट्रेझेगे आणला, एड्रियन मुटू आणला, इटलीच्या फिओरेंतिनाशी भागीदारी केली, आणि २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो-अल्फारो जोडीच्या जिवावर उपांत्य फेरी गाठली. तिथे बेंगळुरूने त्यांना अडवलं, सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने. २०१९ मध्ये हा चौथा क्लबही संपला. त्यानंतर देशाच्या पहिल्या श्रेणीत पुण्याचा एकही संघ खेळलेला नाही.

चारही संघांचं घरचं मैदान एकच होतं, सरकारी आणि भाड्याचं. पिरामल समूहाची पेनिन्सुला लँड घरं बांधणारी. डी. एस. कुलकर्णी पुण्यातले नावाजलेले बांधकाम व्यावसायिक. एफसी पुणे सिटीमागचा वाधवान समूह घरांसाठी कर्ज देणाऱ्या डीएचएफएलचा. चारांतल्या तीन क्लबचे मालक घरांच्या धंद्यातले, आणि त्यांच्या क्लबना स्वतःचं घर नव्हतं. पुण्यात गेली तीस वर्षं पैसा कुठे होता हे यावरून कळतं, आणि मैदानासाठी चार एकर सुद्धा का उरले नाहीत हेही कळतं. पुढे ठेवीदारांचे पैसे थकल्याच्या प्रकरणात कुलकर्णी यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये अटक झाली. डीएचएफएल २०१९ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. धंद्याला ताप आला की क्लबला थंडी वाजते, इतका त्यांचा जीव एकाच नाडीवर चालत होता.

या चारांतला शिवाजियन्स मला सर्वांत जास्त छळतो. तो १९८७ पासूनचा पुण्याचा क्लब. मोठा मालक त्याच्याकडे नंतर आला. स्थानिक मैदानांवर खेळून, आपल्या माणसांच्या पैशाने तो टिकलेला होता. मोठ्या दारातून आत जायचं म्हणून त्याने आपल्या नावाआधी मालकाची आद्याक्षरं लावली. दोन वर्षं झगमगाट झाला, लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी चालली. आद्याक्षरं पुसली गेली तेव्हा सोबत मूळ नावही पुसलं गेलं.

मराठीत या दोन आधारांसाठी दोन नेमके शब्द आहेत, राजाश्रय आणि लोकाश्रय. कलांच्या इतिहासात आपण ते इतके वापरले की खेळाला लावायचं राहून गेलं. याच पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि संगीत नाटक मंडळ्यांचं युग सुरू झालं. १९१३ ला बालगंधर्वांनी सहकाऱ्यांसह स्वतःची मंडळी काढली. संस्थानिकांनी मदत केली, पण मंडळी जगली ती तिकिटावर, पिटातल्या प्रेक्षकावर. तरीही ती टिकली नाही; कर्जं झाली, बोलपट आला, मंडळ्या विझल्या. म्हणजे लोकाश्रय असला की सगळं तरतं, असं मी म्हणत नाही. फरक पुढच्या पायरीवर दिसतो. मंडळी गेली, पण नाट्यसंगीत राहिलं, कारण ते घराघरांत गळ्यांवर चढलं होतं. पुणे एफसी गेला तेव्हा तो गॅलरीतल्या काही शे माणसांपलीकडे कोणाच्याच गळ्यावर चढलेला नव्हता.

मग कोल्हापूरकडे पाहावं लागतं. तिथला फुटबॉल पेठेच्या तालमीतून आला आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नावं वाचली तरी कळतं की ही कंपन्यांनी ठेवलेली नाहीत. जिथे कुस्तीची माती होती तिथेच फुटबॉलची जाळी आली. तीच तालीम गणपती बसवते, तीच महापुरात होडी घेऊन निघते, तीच संघ उतरवते. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्पर्धा भरवते आणि शाहू स्टेडियमला दोन पेठा समोरासमोर आल्या की घरातल्या बायका-पोरांपासून सगळ्यांना निकाल हवा असतो. त्या इरेपायी हाणामाऱ्या झाल्या, सामने थांबवावे लागले, हेही खरं आहे. त्याचं समर्थन कोणी करू नये. पण मालकाने अंग काढून घेतलं म्हणून पाटाकडील तालीम बंद पडेल, ही कल्पनाच तिथे करता येत नाही. तिला मालक नाही. तिच्याकडे वर्गणी आहे.

इथे माझ्या म्हणण्याविरुद्ध एक बळकट मुद्दा उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. कोल्हापूरच्या एकाही तालमीचा संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळलेला नाही. वर्गणीतून हाँगकाँगचं विमान पकडता येत नाही. जेम्स मोगाचा पगार पेठेच्या पावतीपुस्तकातून निघत नाही. अनिकेत जाधव नावाचा कोल्हापूरचा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण तिथे पोचण्यासाठी त्याला गाव सोडून बाहेर यावं लागलं. म्हणजे ज्याच्याकडे माणसं आहेत त्याच्याकडे भांडवल नाही, आणि ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्याकडे माणसं नाहीत. महाराष्ट्राच्या फुटबॉलची कोंडी मला इतकी सरळ दिसते. आणि भांडवलाचा भरवसाही नसतो. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय विजेता होता, तेव्हाही प्रशिक्षक डेरिक परेराच होते. २०१० मध्ये कंपनीने तो मिटवून टाकला. जवळपास अर्धशतकाचा क्लब. पंजाबच्या जेसीटीचं तेच झालं, २०११ मध्ये, आणि तो तर पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता.

ही आपल्याच देशाची गोष्ट आहे असंही नाही. रवांडाची राजधानी किगाली इथे अट्राको नावाचा क्लब होता, प्रवासी वाहतूक करणाऱ्यांच्या संघटनेचा. २००८ साली तो देशाचा विजेता झाला, २००९ ला पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या क्लबांचा कागामे चषक जिंकला, आणि थोड्याच वर्षांत नाहीसा झाला. त्या देशात सैन्याचा एपीआर आहे, त्याला राज्याची पाठ आहे. न्यान्झा गावातून निघालेला रेयॉन स्पोर्ट्स आहे, त्याला लोकांची पाठ आहे. हे दोन्ही टिकले. अट्राको ज्या संघटनेचा होता तिच्यापलीकडे त्याचं कोणी नव्हतं. आमच्या बालेवाडीतला क्लब तिसरा आला ती तीच वर्षं. हजारो मैल लांबच्या दोन शहरांत एकाच वेळी एक-एक क्लब वर चढत होता, दोघांचीही मुळं आपापल्या एकाच मालकाच्या अंगणात होती, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

उलट उदाहरण लंडनच्या विम्बल्डनचं. २००२ मध्ये त्यांचा क्लब उचलून शंभर किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या, अगदी तळापासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये परत आले. २०२० साली प्लाऊ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर त्यांनी स्वतःचं स्टेडियम उघडलं. आपल्याकडे २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी २०२१-२२ ला विजेता झाला. २०२५ मध्ये तोही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला आणि तिथे स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. जागा गावोगाव फिरते आहे, जशी एखादी परवाना असलेली टपरी फिरावी. पुण्यातून ती उचलली गेली त्या दिवशी रस्त्यावर कोणी आलं नाही. मीही गेलो नाही. ही बोच माझी आहे आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

का नाही आलं कोणी? पुणेकर संस्था काढण्यात आणि चालवण्यात कमी पडतो असं कोणी म्हणू शकणार नाही. व्याख्यानमाला, ग्रंथालयं, गिर्यारोहणाचे गट, ढोलपथकं, शंभरी ओलांडलेली गणेश मंडळं. आपण दर वर्षी मूर्ती विसर्जित करतो आणि मंडळ ठेवतो. दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो, जमाखर्च लागतो, अध्यक्ष बदलतो, आणि पुढच्या भाद्रपदात तेच नाव पुन्हा फलकावर येतं. फुटबॉलच्या बाबतीत आपण पाहुण्याच्या घरचा गणपती पाहावा तसं बालेवाडीला गेलो. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, आलो. पावती फाडा असं आपल्याला कोणी म्हटलं नाही, आणि आपणही मागितली नाही. क्लबने सभासदत्व दिलं नाही. सभासद असते तर क्लब वाचला असता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याच्या बंद होण्याला सभा भरवावी लागली असती, ठराव मांडावा लागला असता, कोणीतरी उठून विरोध नोंदवला असता. पुण्यात तेवढं तरी नक्की झालं असतं.

जे उरलं ते खेळाडूंच्या पायांत उरलं. पुणे एफसीत घडलेला गोलरक्षक अमरिंदर सिंग पुढे मुंबई सिटीचा कर्णधार झाला आणि २०२०-२१ ची सुपर लीग जिंकला. जेजेने भारतासाठी वीसहून जास्त गोल केले. शिवाजियन्सच्या अकादमीतून गेलेला लालियनझुआला छांगटे २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अराता इझुमी पुढे मुलांना शिकवू लागला. क्लब मेले आणि त्यांनी लावलेली माणसं दुसऱ्यांच्या बागेत फुलली. याचं दुःख करावं की समाधान मानावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शिक्षकाला विचारलं तर तो समाधान मानेल. गावाला विचारलं तर गाव म्हणेल, आमच्याकडे काय राहिलं?

आणि पुण्यात फुटबॉल थांबलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. हे शहर छावणीचं. गोऱ्या पलटणींबरोबर चेंडू इथे आला. जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये डेक्कन इलेव्हन, परशुरामियन्स, डिएगो ज्युनियर्स अशी मंडळी वर्षानुवर्षं खेळत आली आहेत. एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर भर दुपारी, कडेला उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर, हे सामने होतात. तिथे ट्रॅकही नाही आणि गॅलरीही नाही. बूट चेंडूवर बसल्याचा आवाज मात्र ऐकू येतो. खेळणारा मुलगा बँकेत असतो नाहीतर दुकानात, रंगपेटीसारखी बुटांची पिशवी खांद्याला लावून येतो, पंचांच्या मानधनात वाटा देतो आणि संध्याकाळी घरी जातो. जो क्लब शेवटचा येतो तोही पुढच्या वर्षी अर्ज भरतो.

राहिला प्रश्न आठवणीचा. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, माळ्यांवरची दप्तरं उतरवली, वाळवीने अर्धे खाल्लेले कागद उचलून आणले आणि १८९८ पासून खंडामागून खंड छापले. १९१० मध्ये याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. घरखर्चाच्या याद्या, पागेच्या दाण्याचे हिशेब, उधारीच्या चिठ्ठ्या. ज्यांनी लिहिल्या त्यांना त्यांची किंमत वाटली नसेल. अडीचशे वर्षांपूर्वीच्या घोड्याला किती हरभरे लागत हे पुण्यात बसून सांगता येतं. २०१० साली बालेवाडीला कोणत्या सामन्याला किती माणसं होती, ढोल कोणी वाजवला, संघाची बस कुठून निघायची, पहिल्या मोसमाची जर्सी कोणत्या कापडाची होती, हे सांगणारा कागद मात्र एकाही ग्रंथालयात मिळणार नाही. क्लबबरोबर त्याचं संकेतस्थळ गेलं, त्याबरोबर छायाचित्रं गेली. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट पेशवाईपेक्षा पुसट झाली.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे पुणे एफसीच्या सामन्याचं तिकीट असेल, लाल जर्सी असेल, सामन्याच्या दिवशी वाटलेली खेळाडूंच्या नावांची यादी असेल, मोबाइलवर काढलेला एखादा धूसर फोटो असेल, तर तो टाकू नका. मागे तारीख लिहा, समोर कोणता संघ होता ते लिहा, शेजारी कोण बसलं होतं ते आठवलं तर तेही लिहा. आणि या हंगामात एखाद्या दुपारी वेळ काढून एसएसपीएमएसच्या मैदानावर जा. जो संघ खेळत असेल त्याच्या माणसाला गाठा आणि वर्गणी किती ते विचारा.